आसानागी-मारूला काही दिसलं नाही

१

आमच्या खोलीचा दिवस यादीने सुरू व्हायचा. सकाळी आठला चहाचा पहिला कप आणि पुढ्यात चालू इशाऱ्यांची यादी. कुठे दीपस्तंभ विझलाय, कुठे नौदलाचा गोळीबाराचा सराव आहे, कुठे बोया साखळी तोडून निघून गेलाय, कुठे ओंडके तरंगतायत. आमच्या वाट्याचा समुद्र मोठा, त्याला सात देशांचे किनारे. सगळे आपापली खबर टेलेक्सने आम्हाला कळवायचे, आम्ही तिला क्रमांक द्यायचो आणि ती रेडिओवरून सगळ्या जहाजांना जायची. इशारा एकदा सुटला की रद्द होईपर्यंत चालू. समुद्रात कुणीतरी आपल्या भरवशावर सुकाणू फिरवतंय हे आम्हाला माहीत होतं, पण रोजचा चहा पिताना ते कुणाच्या लक्षात राहतं?

इशारा काढणं सोपं, खोडणं अवघड. बोया दुरुस्त झाला की त्या देशाचं पत्र येतं. तरंगणाऱ्या वस्तूचं पत्र कोण पाठवणार? ती बुडाली, वाहून गेली की तिथेच आहे, हे सांगायला कुणी नसतं. म्हणून आमच्या खोलीचा जुना नियम होता. तिथून जाणाऱ्या तीन वेगवेगळ्या जहाजांनी 'पाहिलं, दिसलं नाही' असं कळवलं, तरच खोडायचं. शेजारच्या टेबलावरच्या तोकुनागा-सान या कागदांना 'नसल्याच्या पावत्या' म्हणायच्या. खोलीत त्या माझ्याआधी नऊ वर्षं होत्या आणि हे मला विसरू देत नसत.

त्या नोव्हेंबरात यादीत ४१२ क्रमांकाचा इशारा होता. एका कोरियन मालवाहू जहाजाला पालथी पडलेली जुनी लाकडी बोट दिसली होती. पंधरा-सोळा मीटर लांब, पाण्याच्या जेमतेम वर, दिवा नाही, माणूस नाही.

सोमवारी सकाळी आमचे विभागप्रमुख मिनेगिशीसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"इसोगाई-सान, गुरुवारी सातही देशांची मंडळी येतायत. यादी एका पानात बसली पाहिजे. एवढी लांब यादी कुठला कप्तान वाचतो?" असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पसरून लांबी दाखवली.

"साहेब, सगळं बसतंय. फक्त ४१२ दुसऱ्या पानावर जातोय."

"एकटाच?"

"एकटाच."

"मग बघा की त्याच्याकडे जरा," म्हणून ते निघून गेले.

मी बघितलं. पावत्या दोन होत्या, तिसरी नव्हती. बारा दिवस झाले होते, बोट नक्कीच बुडाली असणार असं मला वाटलं. म्हणजे मी तसं वाटून घेतलं. टेबलावर तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं पाकीट होतं, त्यावर छाप होता 'आसानागी'. सकाळचा निवांत समुद्र, असा अर्थ. मी जहाजांची नोंदवही काढून या नावाचं कुठलंही जहाज नाही याची खात्री केली. उगाच कुणा खऱ्या जहाजाच्या नावावर खोटं नको! इतका मी प्रामाणिक. मग आमच्या जपानी जहाजांच्या नावांना लागतं ते 'मारू' जोडून शांतपणे तिसरी पावती लिहिली: आसानागी-मारू, सकाळी सहा चाळीस, दृश्यमानता उत्तम, पालथी बोट दिसली नाही.

दुपारी ४१२ रद्द झाला. यादी एका पानात बसली.

२

रद्द केल्याचं कळवल्यावर मनिलाहून बाउतिस्तांचा टेलेक्स आला. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, पण सहा वर्षं रोज एकमेकांना लिहीत होतो. चौकस आणि नम्र गृहस्थ. 'तिन्ही पावत्या मिळाल्या ना? आमच्या नोंदीसाठी तिसऱ्या जहाजाचं नाव कळवाल का?'

मी नाव कळवलं. त्यांनी आभार मानले आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे ते इतर सगळ्यांना पुढे पाठवलं. अशा रीतीने आसानागी-मारू बंदराबाहेर पडलं.

गुरुवारी पाहुणे आले. एका पानाची यादी हातोहात फिरली. एका पाहुण्याने मान डोलावून "स्वच्छ काम आहे," म्हटलं आणि मिनेगिशीसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी कमरेत वाकलो. खरं सांगतो, तेव्हा मला लाज वाटली नाही. छान वाटलं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या शोधकक्षातून बातमी वर आली. हामायोशी-मारू नावाची पाच माणसांची मच्छीमार बोट पहाटे बेपत्ता झाली होती. रेडिओवर शेवटचं वाक्य होतं, 'कशावर तरी आदळलो.' पुढे काही नाही.

तोकुनागा-साननी नकाशावर बोट ठेवलं. "इथे ४१२ होता ना?"

"रद्द केला सोमवारी."

"तीन पावत्यांवर?"

"तीन पावत्यांवर."

"मग बरं," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढू लागल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला मात्र त्या पेन्सिलीच्या प्रत्येक फिरकीत विचारल्यासारखं ऐकू येत होतं.

३

शनिवारी सकाळी आठ दहाला टेलेक्स यंत्र खडखडलं. मी चहा घेऊन उभा होतो. कागद वर सरकत आला.

'आसानागी-मारूकडून. सकाळी सहा चाळीस. दृश्यमानता उत्तम. पालथी बोट दिसली नाही.'

पहिला विचार आला, कुणीतरी थट्टा करतंय. कुणालातरी कळलंय. मी तोकुनागा-सानकडे पाहिलं. त्या फोनवर आपल्या सुनेला मुळ्याचं लोणचं कसं घालायचं ते सांगत होत्या. दुसरा विचार, बाउतिस्तांनी पुढे पाठवलेला माझाच मजकूर कुठूनतरी फिरून परत आला असेल. असं होतं कधीकधी. मी कागद फाडून खिशात घातला. पाठवणाऱ्या केंद्राचं नाव असायचं तिथे कोरी जागा होती.

नोंदवही पुन्हा काढली. त्या नावाचं जहाज सोमवारी नव्हतं, तसं आताही नव्हतं.

रविवारी माझी पाळी नव्हती, तरी गेलो. बायकोला सांगितलं, शोध चालू आहे, माणसं कमी पडतायत. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, रेडिएटर ठकठक करत तापत होता. आठ दहाला यंत्र चालू झालं.

'आसानागी-मारूकडून. सकाळी सहा चाळीस. दृश्यमानता उत्तम. नारिंगी तराफा दिसला नाही. छत डाव्या बाजूने फाटलेलं. माणसं पाच, दिसली नाहीत.'

आणि खाली जागा, अक्षांश-रेखांशाच्या अंश-कलांसकट.

मी खुर्चीत बसलो. बुद्धी शाबूत ठेवायची म्हणून एकेक गोष्ट तपासली. बोटीवर पाच माणसं होती हे वर्तमानपत्रात आलं होतं. तराफे नारिंगीच असतात. कुणीही बसल्या जागी हे लिहू शकेल; मी नव्हतं का लिहिलं? पण जागा विचित्र होती. शोधविमानं ईशान्येला फिरत होती, कारण तिथला मोठा प्रवाह सगळं ईशान्येला नेतो. ही जागा नैऋत्येला, उलट्या दिशेला होती. थट्टा करणाऱ्याने पटण्यासारखी जागा निवडली असती. आणि छत डाव्या बाजूने फाटलंय, हे कशासाठी लिहायचं?

न दिसलेल्या गोष्टीची डावी बाजू कुणाला कशी कळते, हा प्रश्न मी तिथेच सोडला. कागद घडी करून खिशात गेला.

४

सोमवारी सकाळी फोन वाजला. चुकून आमच्याकडे जोडला होता. हामायोशी-मारूच्या कप्तानाची बायको होती, खेड्यातल्या मच्छीमार संघाच्या कार्यालयातून बोलत होती.

"तुम्ही इशारे देणारेच ना? रेडिओवरचे?"

"हो."

"आमचे हे रोज सकाळी तुमचं ऐकायचे हो. मासे कमी मिळाले तरी चालतील, पण तुमची यादी चुकायची नाही. नकाशावर लाल पेन्सिलीने खुणा करायचे. तुम्ही काढलं की हे पुसायचे. मी चेष्टा करायचे, बायकोचं एवढं ऐकलं असतंत तर घर सोन्याचं झालं असतं." ती हसली, मग हसू कुठेतरी अडकलं. "गेल्या मंगळवारी रात्री बिनतारीवर बोलले, तेव्हा म्हणाले, एक खूण पुसली, आता वाट मोकळी झाली. मला एवढंच विचारायचंय, तिथे काही होतं का हो?"

माझ्या तोंडून आवाज आला, "आमच्याकडे तशी नोंद नाही."

"नाही ना. मग लाटच असेल. माफ करा हं, कामाच्या वेळी त्रास दिला."

तिने माझी माफी मागितली. मी रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा आठ दहा झाले होते.

'आसानागी-मारूकडून. सकाळी सहा चाळीस. दृश्यमानता उत्तम. नारिंगी तराफा दिसला नाही. माणसं चार, दिसली नाहीत.'

मी कागद घेऊन जिना उतरलो. शोधकक्षाचं दार काचेचं होतं. आत सहा माणसं नकाशाभोवती वाकली होती, सगळ्यांचे डोळे तारवटलेले. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागलो. 'नसलेल्या एका जहाजाने कळवलंय की त्यांना तराफा दिसलेला नाही.' पुढे ते विचारतील, नसलेलं कसं? मग पाकीट, पावती, एक पान. मग ती बाई, तिचे हे, लाल पेन्सिल.

आतल्या एकाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला, काही नाही, सहज आलो होतो. जिना चढून परत आलो. चाळीस पायऱ्या होत्या. कधी मोजल्या नव्हत्या, त्या दिवशी मोजल्या.

माणसाला लाजेपायी मरावंसं वाटतं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं ते याहून वाईट होतं: चार माणसं लवकर काय ती बुडोत, म्हणजे हे कागद यायचे थांबतील. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

५

मंगळवारी आठच्या आधीपासून मी यंत्रासमोर उभा होतो.

"भूत पाहिल्यासारखे काय उभे आहात?" तोकुनागा-सान म्हणाल्या. "बसा की. यंत्राला पाय नाहीत, पळून नाही जाणार."

आठ दहा.

'आसानागी-मारूकडून. सकाळी सहा चाळीस. दृश्यमानता उत्तम. अंतर साठ मीटर. नारिंगी तराफा दिसला नाही. माणसं दोन. एक उभा राहून पांढरा सदरा हलवतो, तो दिसला नाही. ओरडतो, ते ऐकू आलं नाही.'

"काय आलंय?" तोकुनागा-साननी विचारलं.

"नेहमीचंच."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला नाही. त्यांनी हात मागे घेतला. "इसोगाई-सान, रद्द केलेल्या ४१२ च्या पावत्या मी शुक्रवारी फाइलमधून काढून पाहिल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिसरी तुमच्या अक्षरात आहे. टेलेक्सचा कागद नाही जोडलेला. मला वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल."

मी कागद घडी करून खिशात घातला.

"मी थांबतेय," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून कामाला लागल्या.

नऊ वाजले. आढावा बैठक झाली. दहा वाजले. माझ्यासमोर चहा आला, मी तो प्यायलो. हे मला नीट आठवतं, कारण चहा चांगला झाला होता. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी फोन उचलला आणि शोधकक्षाला सांगितलं, परदेशी जहाजाची तुटक खबर आहे, नाव कळलं नाही, नारिंगी काहीतरी दिसलं म्हणतायत. त्या सकाळच्या कागदावरची जागा दिली.

'दिसलं' म्हणालो. एका खोट्यावर दुसरं चढवलं, आणि या वेळी ते खरं होतं.

पाठीमागे तोकुनागा-सानची पेन्सिल थांबली. त्यांना वेगळंच काही ऐकायचं होतं, हे मला कळलं.

दोन वाजता पाण्यावर उतरणारं विमान त्या जागेवर पोचलं. अर्ध्या मैलावर तराफा होता, छत डाव्या बाजूने फाटलेलं. आत एक माणूस जिवंत मिळाला. दुसरा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून होता. वैमानिकाने कळवलं, त्याला जाऊन दोन-तीन तासांपेक्षा जास्त झाले नसावेत. तो कप्तान होता.

आठ दहा ते अकरा चाळीस म्हणजे साडेतीन तास.

६

मिनेगिशीसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तुटक खबर दुसऱ्या कुणी सोडून दिली असती, असं म्हणाले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. बाउतिस्तांनी अभिनंदनाचा टेलेक्स केला आणि खाली लिहिलं, 'ते जहाज कुठलं होतं ते कळलं तर नोंदीसाठी कळवा.' तोकुनागा-साननी नववर्षाआधीच बदली मागून घेतली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझ्यासमोर येऊन रीतसर वाकल्या, आणि नजर वर केली नाही.

आसानागी-मारूचा संदेश पुन्हा आला नाही. मी मात्र आठ दहाला यंत्राजवळ उभा राहायचो. आला असता तर मला बरं वाटलं असतं की काय, कोण जाणे.

दहा दिवसांनी साहेब मला इस्पितळात घेऊन गेले. वाचलेल्या माणसाला भेटायचं, फोटो काढायचा. मी नको नको म्हणत होतो. साहेब म्हणाले, "केवढी ही विनयशीलता!" आणि फळांची करंडी माझ्या हातात दिली.

उराबे-सान एकसष्ट वर्षांचे, बोटीच्या इंजिनावरचे. ओठ सोलवटलेले, हातांना पट्ट्या. त्यांची मुलगी उशाशी बसून संत्रं सोलत होती. साहेबांनी माझी ओळख करून दिली. यांच्यामुळे विमान आलं, वगैरे. मुलगी उठली आणि इतकी खाली वाकली की मला पाऊल मागे घ्यावं लागलं.

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. बराच वेळ.

"बाबांना अजून नीट कळत नाही," मुलगी म्हणाली. "एक जहाज रोज सकाळी जवळून जायचं म्हणतात. आवाज नाही, धूर नाही. हे सगळे ओरडायचे, पण ते थांबायचं नाही. डॉक्टर म्हणतात, तहानेने तसं होतं."

"हो, होतं तसं," साहेब म्हणाले.

"कठड्याशी एकच जण असायचा," उराबे-सान म्हणाले. आवाज खरखरीत होता, पण शब्द स्पष्ट होते. "खलाशी नव्हता. टाय लावलेला. पाहायचा आमच्याकडे, मग खाली बघून लिहायचा. कप्तान म्हणाले, लिहितोय म्हणजे आपली नोंद झाली. आता कुणीतरी येईल. शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

साहेब घड्याळाकडे पाहत होते. मुलीने संत्र्याची फोड वडिलांच्या ओठांशी नेली, त्यांनी हाताने दूर केली. मग, अनोळखी माणसाला काही विचारताना खेड्यातले लोक थोडे ओशाळतात तसे ओशाळून, त्यांनी मला विचारलं, "रागावू नका हं. पण तेव्हा तुम्ही काय लिहीत होता?"

मला तिथे सगळं सांगता आलं असतं. खोलीत ऊन होतं, माणसं होती, दार बंद होतं. आयुष्यात असा प्रश्न कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

"हवामान," मी म्हणालो. "हवामान लिहीत होतो."

साहेब कौतुकाने हसले, त्यांना वाटलं मी म्हाताऱ्याचं मन राखतोय. उराबे-साननी मान हलवली. त्यांना पटलं होतं.

"हवा चांगली होती," ते म्हणाले. "लांबचंसुद्धा सगळं दिसत होतं."